‘आराम’ आणि उतार : आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाची सुधारणा व मराठी शब्दव्यवहार

१. विषय आणि त्याची मर्यादा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर वृद्ध रुग्ण लवकर व सुखरूप पूर्वपदावर कसा यावा, हा प्रश्न मूलतः वैद्यकशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक होय. त्या शंकेचे उत्तर एका लहानशा घटनेने देता येईल.

प्रस्तुत लेखकाचे चुलते शहाडला राहतात. वय ७६, आयुष्य कारखान्याच्या पाळ्यांत गेलेले. त्यांच्या मोठ्या आतड्यातील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने आपुलकीने विचारले, “आजोबा, गॅस झाला का?” चुलत्यांनी उत्तर दिले, “हो, झालाय ना!” परिचारिकेने वायू सरल्याची नोंद केली, आणि त्या नोंदीवर विसंबून आहार वाढविण्यात आला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. वायू सरला नव्हता. तो पोटात कोंडला होता, आणि चुलते तेच सांगत होते. सायंकाळी पोट टम्म फुगले, वांत्या झाल्या, नाकातून नळी घालावी लागली. पुढे ते बरे झाले व घरी आले. पण चार दिवस अधिक रुग्णालयात काढून, आणि पुष्कळच खचून.

या प्रसंगी कोणाचाही निष्काळजीपणा झाला नव्हता. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर मिळाले होते, नोंदही झाली होती. चूक घडली ती एका क्रियापदापाशी. अशी स्थळे या आजाराच्या वाटेवर आणखी किती आहेत, आणि ती आधीच ओळखली तर वृद्ध रुग्णाचे किती कष्ट वाचतील, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उपचार कोणते करावेत हे सांगण्याचा अधिकार लेखकाला नाही. उपचारांचे शब्द रुग्णापर्यंत पोहोचताना त्यांचे काय होते, ही मात्र आपल्या शास्त्राच्या कक्षेतील बाब आहे.

२. वैद्यकीय विचारातील पालट

प्रथम वैद्यकीय पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. पोटावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दीर्घकाळ उपाशी ठेवावयाचे, नाकातून नळी घालावयाची, आणि अंथरुणात पडून राहू द्यावयाचे, अशी पद्धत विसाव्या शतकात बहुतेक काळ रूढ होती. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेत यांनी या पद्धतीतील प्रत्येक अंगाला ‘हे खरोखर आवश्यक आहे काय?’ असा प्रश्न विचारला. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या, वयस्क व जोखमीच्या रुग्णांना वेदनाशमन नीट करून, लवकर खाऊ घालून व लवकर चालवून अवघ्या दोन दिवसांत घरी पाठविता आले, असे त्यात नमूद होते. १९९७ मध्ये केलेत यांनी या विचाराची सविस्तर मांडणी केली. २००१ मध्ये युरोपातील शल्यविशारदांचा एक अभ्यासगट त्याकरिता एकत्र आला; त्यात केनेथ फिअरन व ओले ल्युंगक्विस्ट हे प्रमुख होते. या गटातूनच २०१० मध्ये ‘इरास सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली.

या पद्धतीचे रहस्य एखाद्या नव्या औषधात नाही. सुमारे वीस लहान लहान गोष्टी एकत्र पाळण्यात ते आहे. आधी समजावून सांगणे, उपाशीपण कमी करणे, शिरेतून द्रव बेतानेच देणे, अफूवर्गीय वेदनाशामके शक्य तितकी टाळणे, नळ्या लवकर काढणे, त्याच दिवशी बसविणे, दुसऱ्या दिवसापासून चालविणे आणि लवकर खाऊ घालणे, या त्यांपैकी काही होत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सहा चाचण्यांतील ४५२ रुग्णांचा विचार केला होता. त्यात रुग्णालयातील वास्तव्य सरासरीने सुमारे अडीच दिवसांनी घटले, व गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या वीस गोष्टींपैकी जितक्या अधिक पाळल्या जातात तितका लाभ अधिक, हेही पुढील अभ्यासांत दिसून आले आहे.

या शेवटच्या वाक्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. द्रव किती द्यावा हे भूलतज्ज्ञ ठरवितो. परंतु बसणे, चालणे, खोकणे, खाणे, वेदना सांगणे, वायू सरल्याचे कळविणे ही कामे रुग्णाची आहेत. ती त्याच्याकडून करवून घ्यावयाची तर ती त्याला सांगावी लागतात. म्हणजे उपचाराचा जवळजवळ अर्धा भाग भाषेच्या द्वारा दिला जातो. शब्द चुकला तर तेवढा उपचार दिलाच गेला नाही, असे म्हणावे लागते.

वृद्धांच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष आहे. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयातही आढळतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. अशा ठिकाणी सत्तरी ओलांडलेला रुग्ण हा अल्पसंख्य ठरतो, आणि सूचनांची भाषा तरुण, शिकलेल्या रुग्णाला किंवा त्याच्या मुलाला उद्देशून घडत जाते. ती आजोबांपर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे मग कोणाचेच काम राहत नाही.

३. शहाडचा भाषिक परिसर

शहाड हे कल्याणच्या पुढे कसारा मार्गावरील पहिले स्थानक. उल्हास नदीचा काठ, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, आसपासची जुनी आगरी गावे, देशावरून व कोकणातून पोटासाठी आलेली कामगार कुटुंबे, आणि लागूनच फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसविलेले उल्हासनगर असा हा परिसर आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. येथील एखादा वृद्ध घरात आगरी किंवा घाटावरची बोली बोलतो, कारखान्यात हिंदी बोललेला असतो, शेजारच्या सिंधी दुकानदाराशी दोन्हींची सरमिसळ करतो, आणि डॉक्टरांसमोर प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करतो. हा शेवटचा प्रयत्न ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणूस परक्या घरात जसा अवघडून बसतो, तसा तो परक्या भाषारूपात अवघडून बोलतो, आणि जे नेमके सांगावयाचे ते राहून जाते.

कर्करोगाचे निदान झाले की येथील पुष्कळ कुटुंबे लोकल गाडीने मुंबईची वाट धरतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या व्यवस्थेखाली आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत देशाच्या सर्व प्रांतांतील रुग्ण येतात. परिचारिका व तरुण डॉक्टरही अनेक प्रांतांचे असतात. तेव्हा मराठी ही तेथे पुष्कळदा दोघांपैकी एकाचीच मातृभाषा असते. ‘गॅस झाला का?’ हा प्रश्न अशाच परिस्थितीत जन्म घेतो.

४. ‘आराम’ : विश्रांती की सुधारणा?

आता मुख्य शब्दांकडे वळू. पहिला शब्द ‘आराम’. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. ‘आराम करणे’ म्हणजे विसावा घेणे, आणि ‘आराम पडणे’ म्हणजे दुखण्याला उतार पडणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहिल्यामुळे त्यांच्यात कार्यकारणसंबंध आहे असे बोलणाऱ्याला नकळत वाटू लागते : आराम करावा म्हणजे आराम पडेल. शस्त्रक्रियेनंतर भेटावयास येणारा प्रत्येक नातलग ‘आता आराम करा’ असेच सांगून जातो. घरची सून ‘त्यांना उठवू नका, आराम करताहेत’ म्हणून पाहुण्यांना दाराशीच थांबविते.

नवा वैद्यकीय विचार याच्या नेमका विरुद्ध आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार नाहीसा झाल्याचे आढळले. हे निरोगी माणसांचे झाले. शस्त्रक्रियेने व रोगाने आधीच क्षीण झालेल्याची हानी याहून कमी असण्याचे कारण नाही. पडून राहिल्याने फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, भूक मरते. म्हणून नव्या पद्धतीच्या मूळ नियमावलीत शस्त्रक्रियेच्या दिवशीच दोन तास, आणि पुढे दररोज सहा तास अंथरुणाबाहेर राहण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते प्रत्येकाला साधते असे नव्हे, तथापि दिशा स्पष्ट आहे.

मराठीत या दिशेचे शब्द नाहीत असे मात्र नाही. ‘अंथरूण धरणे’ व ‘अंथरुणाला खिळणे’ हे आपलेच वाक्प्रचार आहेत, आणि त्यांतील भीती प्रत्येक वृद्धाला ठाऊक आहे. तसाच आणखी एक सुंदर शब्द म्हणजे ‘हुशारी’. पुस्तकी मराठीत त्याचा अर्थ चातुर्य असा झाला. परंतु जुन्या बोलण्यात ‘आज जरा हुशारी वाटते’ म्हणजे अंगात तरतरी आली, आजार मागे हटला. ‘आराम करा’ याऐवजी ‘अंथरूण धरू नका, खुर्चीत बसा, म्हणजे हुशारी येईल’ असे म्हटले तर आजोबांना ते परके वाटणार नाही. टाके तुटतील ही भीती बहुतेकांच्या मनात असते. तिचा उच्चार रुग्णाने करण्याची वाट न पाहता आपणच करावा, आणि खोकताना उशी पोटाशी धरण्याची युक्ती त्याच वेळी दाखवावी, हे इष्ट.

५. क्रियापदाचा अर्थ : ‘चालू शकता’ आणि ‘चालायचे आहे’

सूचनेचे बळ क्रियापदाच्या रूपावर अवलंबून असते. ‘तुम्ही आता चालू शकता’ किंवा ‘चालायला हरकत नाही’ ही वाक्ये रुग्णालयात सर्रास ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात तो आदेश असतो, ऐकणाऱ्याला ती परवानगी वाटते. आणि परवानगी मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. उलट ‘चाला’ हे आज्ञार्थी रूप वडीलधाऱ्या माणसाला तरुण डॉक्टरने वापरावयाचे म्हणजे त्याची जीभ अडखळते. त्यामुळे आदराच्या पोटी आदेश सौम्य होतो, आणि सौम्य होताना त्यातील औषध पातळ होते.

या अडचणीवर मराठीच्या व्याकरणातच तोड आहे. ‘आजोबा, सकाळी आणि संध्याकाळी या दारापासून त्या खिडकीपर्यंत चार फेऱ्या घालायच्या आहेत’ या वाक्यात कर्तव्य आहे, मर्यादा आहे, आणि उद्धटपणा मुळीच नाही. ‘-आयचे आहे’ हे रूप बोलणारा व ऐकणारा दोघांनाही एकाच नियमाच्या अधीन ठेवते. ‘थोडे चाला’ यातील ‘थोडे’ हा शब्द मात्र टाळावा. चार पावले हेही थोडे, आणि चारशे पावले हेही थोडेच.

६. ‘उपास’, ‘उपाशी’ व ‘पातळ’

शस्त्रक्रियेपूर्वी मध्यरात्रीपासून काहीही घेऊ नये हा जुना नियम आता बदलला आहे. सर्वसाधारण रुग्णाला भूल देण्यापूर्वी सहा तासांपर्यंत हलका घन आहार, आणि दोन तासांपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ द्रव चालतात. मधुमेह, जठर उशिरा रिकामे होणे इत्यादी कारणांनी भूलतज्ज्ञ यात फरक करतो. वृद्धाला याचा लाभ मोठा, कारण बारा-पंधरा तास पाण्यावाचून राहण्याने तो शस्त्रक्रियेपूर्वीच थकून जातो.

परंतु हा नियम मराठीत सांगताना दोन खड्डे आहेत. पहिला ‘उपास’ या शब्दाचा. ‘उपाशी राहणे’ म्हणजे पोटात काही न घालणे. ‘उपास करणे’ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाणे व दूध चालणे. आयुष्यभर एकादशी धरलेल्या आजीबाईंना ‘उद्या उपास आहे’ असे सांगितले तर त्या त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ घेतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. दुसरा खड्डा ‘पातळ’ या शब्दाचा. वैद्यकाला अभिप्रेत असलेला द्रव आरपार दिसणारा असावा लागतो. मराठीत ‘पातळ पदार्थ’ म्हटले की ताक, दूध, पेज, आमटी ही सर्व त्यात येतात. येथे व्याख्या सांगण्यापेक्षा खूण सांगणे बरे : पेल्यातून पलीकडचे बोट दिसले पाहिजे. पाणी व बिनदुधाचा चहा चालेल, ताक व दूध नाही.

७. ‘पथ्य’ : काय खाऊ नये, की काय खावे?

‘पथ्य’ हा शब्द ‘पथ’ म्हणजे वाट यापासून साधला आहे. वाटेला धरून असणारे, हितकर, ते पथ्य. परंतु आजच्या व्यवहारात पथ्य म्हणजे निषेधांची यादी, असा अर्थसंकोच झाला आहे. ‘पथ्य सांभाळा’ एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठविले की घरात महिनाभर मऊ भात, पेज व वरणाचे पाणी शिजते.

जखम भरून येण्यासाठी व गेलेला स्नायुभार परत मिळविण्यासाठी प्रथिनांची गरज असते. शस्त्रक्रियेनंतर शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असावीत असे आहारशास्त्र सांगते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर त्यात बदल करतात. पन्नास किलो वजनाच्या आजींना म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तितकीच प्रथिने असतात, आणि तांदळाच्या पेजेत अगदीच नाममात्र. केवळ पेजेवर राहणारा रुग्ण पथ्य पाळत आहे अशा समजुतीत स्वतःचे स्नायू खात असतो. म्हणून या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत दिला पाहिजे : ‘तुमचे पथ्य म्हणजे रोज दोन अंडी, किंवा तेवढे पनीर, दोन पेले दूध आणि दोन वेळा घट्ट वरण.’ उरलेला भाग जेवणातील इतर पदार्थांतून व गरजेप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरा करता येतो. तोच शब्द, तोच आदर. फक्त नकाराच्या जागी होकार.

८. ‘गॅस होणे’ आणि ‘वारा सरणे’

आता आरंभीच्या घटनेकडे वळू. पोटाला हात लावल्यानंतर आतड्यांची हालचाल काही काळ मंदावते. ती पूर्ववत होत असल्याची एक खूण म्हणजे वायू सरणे. ‘गॅस’ हा इंग्रजी शब्द मराठीने स्वीकारला तो मात्र व्याधीचे नाव म्हणून. ‘मला गॅस झालाय’ म्हणजे पोट फुगले आहे. ‘होणे’ हे क्रियापद ताप होणे, खोकला होणे, जुलाब होणे याच जातीचे आहे. त्यात उत्पत्ती आहे, निर्गमन नाही. इंग्रजी वाक्यातील ‘पास’ हा शब्द बोलण्याच्या ओघात गळाला की प्रश्नाचा अर्थ उलटा होतो, आणि ‘हो’ हे एकच उत्तर परस्परविरुद्ध दोन अवस्थांचे निदर्शक ठरते.

मराठीतील निःसंदिग्ध धातू ‘पादणे’ हा आहे. संस्कृत ‘पर्द्’, ग्रीक व इंग्रजी यांतील सजातीय शब्द पाहता तो आपल्या भाषाकुळातील फार जुन्या धातूंपैकी एक ठरतो. परंतु सभ्य व्यवहाराने त्याला बहिष्कृत केले आहे, आणि परिचारिकेने तो वृद्धासमोर उच्चारावा ही अपेक्षा योग्य नव्हे. ‘वारा सरला का?’ हा मधला मार्ग जुन्या पिढीला पूर्ण परिचित आहे. ‘सरणे’ या क्रियापदात बाहेर जाण्याचा अर्थ स्पष्ट असल्यामुळे घोटाळ्याला जागा राहत नाही. त्याला जोडून ‘पोट हलके वाटते की फुगल्यासारखे?’ असा दुसरा प्रश्न विचारला, तर पहिल्या उत्तराची परीक्षाही होते. हाच न्याय शौचाच्या प्रश्नाला लागू आहे. ‘संडासला जाऊन आलात का?’ याचे उत्तर नुसते जाऊन येण्यापुरतेही असू शकते.

९. ‘पिशवी’

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत काही वेळा आतड्याचे तोंड तात्पुरते वा कायमचे पोटावर आणून तेथे मल साठविण्याची पिशवी लावावी लागते. मराठी स्त्रियांच्या बोलण्यात ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. ‘माझी पिशवी काढली’ हे वाक्य कोणत्याही चाळीत ऐकू येईल. अशा आजींना ‘पिशवी लावावी लागेल’ असे घाईत सांगितले तर त्यांच्या मनात काय चित्र उभे राहील, याची कल्पना करावी. येथे शब्दाला विशेषण जोडणे पुरत नाही. वस्तू हातात द्यावी, पोटावरील जागा खुणेने दाखवावी, आणि ती बदलण्याची सवय शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी. पिशवी तात्पुरती असेल तर ‘काही महिन्यांनी दुसरी छोटी शस्त्रक्रिया करून ती काढायची आहे’ हे वाक्य पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. ते न सांगितल्यामुळे येणारे नैराश्य टाळता येण्याजोगे आहे.

१०. वेदनेचे मोजमाप

वेदना आटोक्यात असल्याखेरीज वृद्ध मनुष्य खोकत नाही व चालतही नाही. म्हणून ‘शून्य ते दहा यांत किती दुखते?’ असे विचारण्याची पद्धत आहे. आपल्याकडे दहापैकी जास्त गुण म्हणजे चांगले, हा शाळेपासूनचा संस्कार आहे. त्यामुळे ‘आठ’ म्हणणाऱ्याला ‘बरेच बरे आहे’ असे सुचवावयाचे असते, असेही घडू शकते. शिवाय ‘सोसवते का?’ या प्रश्नाला जुन्या पिढीचे उत्तर ठरलेले आहे : सोसवते. सोसणे हा त्या पिढीने सद्गुण मानला.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. आज ऐंशीच्या आसपास असलेल्यांचे बालपण आण्यांत गेले. ‘रुपयात चार आणे उतार आहे’ असे म्हणणारे वृद्ध अजूनही भेटतात. त्यांच्याशी त्याच मापाने बोलावयास हरकत कोणती? त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकड्याऐवजी कृती विचारावी : ‘दुखण्यामुळे खोकता येत नाही का? कुशीवर वळता येते का?’ कळ, ठणका, मुरडा, आग, चुणचुण, ओढ अशी वेदनेची केवढी तरी नावे मराठीत आहेत. जखमेचा ठणका आणि आतड्याचा मुरडा यांतील भेद रुग्ण स्वतः करून देत असता त्याला एका आकड्यात कोंबणे म्हणजे हाती आलेली माहिती टाकून देणे होय.

११. ‘वात’, ‘भ्रम’ आणि ‘म्हातारचळ’

वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर अचानक चित्त भ्रमणे ही गंभीर व वारंवार आढळणारी अवस्था आहे. रात्री बरळणे, नळ्या ओढणे, माणसे न ओळखणे ही तिची उघड रूपे. दुसरे रूप गुप्त असते : रुग्ण गप्प होतो, प्रतिसाद मंदावतो, आणि भोवतालची माणसे ‘शांत झोपलेत’ म्हणून समाधान मानतात. जंतुसंसर्ग, शिवलेले आतडे गळणे, लघवी अडणे, औषधांचा परिणाम यांची ही पहिली सूचना असू शकते.

जुन्या मराठीत यासाठी ‘वात होणे’ हा शब्द होता. तापात वा आजारात वात झाला की घरातले घाबरत व वैद्याला बोलावीत. आज तो मागे पडून ‘वयामुळे’ व ‘म्हातारचळ’ हे शब्द पुढे आले आहेत. हा फरक केवळ शब्दांचा नाही. वात हा येतो आणि उतरतो, त्याला कारण असते. म्हातारचळ लागतो तो कायमचा. पहिल्या शब्दाने माणूस डॉक्टरांना हाक मारतो, दुसऱ्याने तो स्वतःची समजूत घालतो.

या अवस्थेला प्रतिबंध करता येतो हे अमेरिकेतील शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले. त्यांच्या अभ्यासातील ८५२ वृद्ध शस्त्रक्रियेचे नव्हते, औषधोपचार विभागातील होते. दिवसकाळाचे भान देणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, रात्रीची झोप राखणे, पाणी पाजणे, चालविणे अशा साध्या उपायांनी चित्तभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. याच उपायांचा अवलंब आता शल्यविभागांतही होतो.

चित्त ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठी तारीख, वर्ष विचारतात किंवा महिने उलट्या क्रमाने म्हणावयास सांगतात. ज्या आजींचा महिना चैत्रापासून सुरू होतो, त्यांना डिसेंबरपासून मागे जाता आले नाही तर तो चित्तभ्रम नव्हे. हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर हिंदी भाषकांसाठी मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मानसिक तपासणीची स्वतंत्र प्रश्नावली तयार केली, ती याच कारणाने. मराठीपुरता एक साधा उपाय म्हणजे वार उलटे म्हणावयास सांगणे. शनिवारपासून मागे रविवारपर्यंत येणे बहुतेकांना साधते, आणि ते न साधल्यास शंका घेण्यास जागा राहते.

१२. पूर्वतयारी

शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू करावी, हा अलीकडचा विचार आहे. माँट्रियल येथील फ्रांचेस्को कार्ली यांनी त्याचा पाठपुरावा केला. व्यायाम, प्रथिनयुक्त आहार व मनाची तयारी ही त्याची प्रमुख अंगे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २५१ रुग्णांपैकी ज्यांना चार आठवडे अशी तयारी करविली, त्यांच्यात गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के, तर इतरांत २९.७ टक्के आढळली. तथापि २०२० मध्ये कार्ली यांच्याच गटाने दुर्बल अशा ११० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पूर्वतयारी व शस्त्रक्रियेनंतरची तयारी यांत फरक दिसला नव्हता. तेव्हा ज्याची शक्ती आधीच फार खालावली आहे, त्याला पूर्वतयारीने किती लाभ होईल हा प्रश्न मिटलेला नाही, असे म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंतचा काळ आपल्या घरांत ‘वाट पाहण्याचा’ काळ म्हणून जातो. ‘तारीख मिळाली नाही’ याऐवजी ‘तयारीला तीन आठवडे मिळाले’ असे म्हणता आले, तर त्या काळाचा उपयोग होईल.

१३. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आदरापोटी त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘घरी गेल्यावर काय करायचे ते मला सांगा पाहू’ असे म्हणून रुग्णाच्याच तोंडून ऐकावे. आणि ते मुलाकडून वा सुनेकडून नव्हे, रुग्णाकडून. दुसरी, ज्या शब्दांना दोन अर्थ आहेत त्यांची लहानशी यादी प्रत्येक शल्यविभागात भिंतीवर असावी. अन्य प्रांतांतून आलेल्या परिचारिकांना ती विशेष उपयोगी पडेल. तिसरी, अशी यादी घरबसल्या करता येणार नाही. शहाड, अंबरनाथ, बदलापूर येथील वृद्ध आपल्या पोटाविषयी, दुखण्याविषयी व शक्तीविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, हे आगरी, घाटी, कोकणी व सिंधी घरांत जाऊन टिपले पाहिजे. ते काम डॉक्टरांचे नव्हे. ते आपल्या विभागातील विद्यार्थ्यांचे आहे.

प्रस्तुत लेखकाचे चुलते आता सकाळी नदीच्या बाजूला फिरावयास जातात. रुग्णालयातील ती चूक त्यांना समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, “अरे, तिने वारा सरला का म्हणून विचारलं असतं, तर मी नाही म्हणालो असतो.” एवढ्या एका वाक्यासाठी चार दिवस खर्ची पडले. पुढच्या रुग्णाचे ते वाचावेत, म्हणून हा प्रपंच.